लाल कंधारी, देवणी आणि क्लच

आमच्या नांदेड-लातूरकडे जनावर घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा नसतो. "काम कुठलं?" हा असतो. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी ओढकामाची. उन्हातान्हात काळ्या रानात नांगर ओढावा तर तिनंच. खिल्लार धावायचं, पण ते सोलापूर-सांगलीकडचं, आणि तापट. आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावाच्या नावाची देवणी दुहेरी: गाय दूध देते, बैल नांगराला चालतो. पण देवणी घेणाऱ्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं की 'दुहेरी' म्हणजे दोन्हीकडे पहिला नंबर नव्हे. दुहेरी म्हणजे रोजचं काम बिनतक्रार, आणि वर आणखी थोडं काही.

हाच हिशोब मोटारीतल्या एका वाटोळ्या वस्तूला लागू पडतो, असं गेले दोन महिने माझ्या डोक्यात घोळतंय. ती वस्तू म्हणजे क्लच.

झालं असं की माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. त्यानं १९६४ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घेऊन दुरुस्त केली आहे. चार गिअरांची, हातानं गिअर टाकायची. ही गाडी तो आठवड्यातले दोन-तीन दिवस कामावर नेतो आणि महिन्यातून एक-दोन रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर पळवतो. जुना क्लच घसरायला लागला, आणि आता नवीन कोणता घ्यावा, असं त्यानं मला विचारलं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून हा मान! फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते दोन वाक्यांचं प्रकरण नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या घरच्या रस्त्यांवरून गेलेला आहे. म्हणून हे लिहिणं. भाच्यासाठीही, आणि ज्या नातेवाइकांनी क्लचला फक्त डाव्या पायानं ओळखलंय त्यांच्यासाठीही.

आधी ड्रॅग रेस म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडच्या लोकांना ते समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे शंकरपट आहे. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्यात शंकरपट म्हणजे सरळ पट्टा, बैलजोडी, आणि सेकंदांवर निकाल. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सुटल्यापासून शेवटच्या खुणेपर्यंत किती वेळ लागला, एवढंच. (७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे बंद झालं, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला.) अमेरिकेतला पट्टा पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा. बाकी तेच. आणि दोन्हीकडे जाणकाराचं लक्ष शेवटाकडे नसतं, सुटण्याकडे असतं. सुटताना चुकलं की मग बैल काय आणि मोटार काय, भरून काढायला वेळच उरत नाही.

आता बैलाला क्लच लागत नाही. हे वाक्य विनोदी वाटेल, पण सगळा इतिहास इथूनच सुरू होतो. बैल उभा असतानाच सगळा जोर लावू शकतो. खांदा दिला, रेटा वाढवला, गाडी हलली. वाफेच्या इंजिनाचंही तसंच. चाकं थांबलेली असतानाही सिलिंडरमध्ये वाफ सोडली की दट्ट्या पूर्ण जोरानं ढकलतो. म्हणून १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडकडे जाणारी मीटरगेज नांदेडवरून धावायला लागली, १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी लातूरला पोचली, पण त्या इंजिनांना क्लच नव्हता. गरजच नव्हती.

पेट्रोल-डिझेलचं इंजिन मात्र उभ्या-उभ्या काहीच करू शकत नाही. ते आधी स्वतः फिरत असलं पाहिजे, मिनिटाला पाच-सहाशे फेरे तरी, तेव्हा कुठे त्यात जोर येतो. आणि चाकं तर उभी असतात. एक फिरतंय, एक थांबलंय, आणि दोघांना जोडायचंय. एकदम जोडलं तर इंजिन बंद पडेल किंवा काहीतरी तुटेल. तेव्हा मधे असं काहीतरी हवं की जे आधी घसरेल, मग हळूहळू पकडेल, आणि एकदा पकडलं की अजिबात सोडणार नाही. घसरणं आणि न घसरणं ही दोन विरुद्ध कामं एकाच वस्तूनं करायची. क्लचचं सगळं दुखणं आणि सगळं कौतुक या एका गोष्टीत आहे.

पॅरिसच्या पानार आणि लवासोर यांनी १८९१ च्या सुमारास पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स अशी मांडणी बसवली, आणि पुढची कित्येक दशकं बहुतेक मोटारी त्याच मांडणीनं बनत गेल्या. सुरुवातीचे क्लच शंकूच्या आकाराचे असत, एका शंकूत दुसरा शंकू, आणि मधे चामडं. चामडं वाळलं की क्लच झटके द्यायचा, मग त्याला एरंडेल तेल पाजायचं. तेल जास्त झालं की घसरायचा, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरायची! त्या काळच्या मोटारवाल्यांच्या सामानात मुलतानी माती असे ती चेहऱ्यासाठी नव्हे. म्हणजे बघा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही प्रश्न तोच होता. मऊ पकड हवी तर घसरण सोसा, घट्ट पकड हवी तर झटके सोसा. एरंडेल की मुलतानी माती, एवढंच ठरवायचं.

यातली पुढची पायरी मला फार आवडते, कारण ती बैलगाडीच्या भाऊबंदातून आली. इंग्लंडमधल्या डर्बीशायरात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं पाहिलं की डोंगरउतारावरचे घोडागाडीवाले लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात. नुसतं लाकूड जळतं आणि घसरतं, बुटाचा तळ जास्त धरतो. त्यावरून त्यानं १८९७ साली घर्षणाचे खास तुकडे बनवायला सुरुवात केली. 'फेरोडो' हे नाव त्याच्या आडनावावरून झालेलं आहे. नांदेडच्या गॅरेजमधले उस्ताद ज्याला 'लायनर' म्हणतात त्या वस्तूचा हा मूळपुरुष. पुढे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आलं, उष्णता सोसायला ते उत्तम ठरलं, आणि ते घासणाऱ्या-झटकणाऱ्या लोकांच्या फुप्फुसात जाऊन बसलं. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्यावर बंदी आली. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडणाऱ्या प्रत्येकाला (भाच्या, ऐकतोयस ना?) माझं सांगणं: आतली धूळ फुंकरीनं किंवा हवेच्या नळीनं उडवू नकोस. ओल्या फडक्यानं पुसून घे.

शंकू गेले आणि त्यांच्या जागी आली एकच सपाट कोरडी चकती. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मधे ही क्लच प्लेट, आणि मागून स्प्रिंगांचा दाब. १९२० च्या दशकापासून हीच मांडणी रूढ होत गेली. आज आपल्या गिअरच्या मोटारीत असते तीही तीच.

आपल्या मुलखात सर्वसामान्य माणसाची आणि क्लचची गाठ पडली ती बसमुळे. निजामाच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्यानं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांवर सेवा सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अ‍ॅल्बियन कंपनीच्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. मग १७ सप्टेंबर १९४८ आला, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि आपल्या बसही यथावकाश एसटीच्या लाल रंगात आल्या. राज्यकर्ते बदलले, पण ड्रायव्हरचा डावा पाय तेच काम करत राहिला.

त्या जुन्या गाड्यांच्या ड्रायव्हरांची 'डबल क्लच मारण्याची' कला आता गेली. गिअरबॉक्समध्ये वेग जुळवून घेणारी कडी नसायची. मग गिअर बदलताना क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडायचा, हलकासा रेस, पुन्हा क्लच, आणि मग गिअर. लोह्याहून अहमदपूरकडे भरली गाडी चढावर नेताना हे दर दोन मिनिटांनी. चुकलं तर गिअर असे ओरडायचे की झोपलेला प्रवासी जागा व्हायचा. आणि गंमत म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांच्या भाषेत 'डबल क्लच' म्हणजे अगदी वेगळंच. तिथे एकाच पेडलखाली खरोखर दोन क्लच असतात. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात पण मागचं अवजार फिरत राहतं, पूर्ण दाबलं की अवजारही थांबतं. मळणीयंत्र चालवणाऱ्याला याचं मोल विचारा.

आणि ट्रॅक्टर म्हणजे आपल्याकडचं खरं दुहेरी कामाचं इंजिन. जून-जुलैत रानात, आणि हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या रस्त्यावर. काळ्या रानात तो तासन् तास एका चालीत ओढतो. तिथे क्लच एकदा पकडला की पकडला, घसरायचं काम फारसं नाही. पण कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. दहा हात पुढे, थांब. परत दहा हात पुढे, थांब. मागे दोन ट्रॉल्या ऊस. क्लच जळतो तो इथे, नांगरटीत नव्हे. ज्याचं काम अवजड त्याचा क्लच लवकर जातो असा समज आहे, पण खरं म्हणजे ज्याला वारंवार उभ्यानं निघावं लागतं त्याचा क्लच लवकर जातो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता अमेरिकेकडे. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे दोन गोष्टी मुबलक झाल्या: यंत्रं हाताळायला शिकून परत आलेले तरुण, आणि रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्या. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर ड्रॅग शर्यती नियमित भरू लागल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. उद्देश हा की पोरांनी रस्त्यावर मरण्यापेक्षा पट्ट्यावर, नियमांत धावावं. आपल्याकडेही मोटारशर्यती अशाच धावपट्टीवर भरत, मद्रासजवळच्या शोलावरमला. आणि अलीकडच्या काळात आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या.

१९६४ साली पॉन्टिअ‍ॅकनं एक चलाखी केली. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत अमुकपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या मंडळींनी (जॉन डीलोरियन तेव्हा तिथे मुख्य अभियंता होते) ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन 'ग्राहकाच्या इच्छेनुसार जादा सामान' या नावाखाली घातलं. तीच जीटीओ. मसल कारचा जमाना बहुतेक लोक तिच्यापासून मोजतात. घरची गाडी, पण पोटात पहिलवान. सोमवारी कामावर आणि रविवारी पट्ट्यावर, ही कल्पनाच त्या गाडीनं विकली. म्हणजे भाचा जे करतोय ते त्या गाडीच्या जन्मापासून तिच्याकडून अपेक्षितच होतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, चारच आकडे आहेत. क्लच किती जोर धरू शकतो हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती, लायनरचं घर्षण किती, स्प्रिंगांचा दाब किती, आणि चकतीची सरासरी त्रिज्या किती. अकरा इंची एक चकती घ्या. बाजू दोन. साध्या लायनरचं घर्षण ०.३. दाब ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे अकरा क्विंटल. (लातूरच्या बाजारात अकरा क्विंटल सोयाबीनचा ढीग डोळ्यांपुढे आणा. तेवढं वजन त्या चकतीवर सतत बसलेलं असतं, आणि तुमचा डावा पाय तरफांच्या मदतीनं ते उचलत असतो.) सरासरी त्रिज्या ०.१११ मीटर. गुणाकार येतो साधारण ७३० न्यूटन-मीटर. त्या जीटीओचं इंजिन मूळ स्थितीत कंपनीच्या मापानं सुमारे ५८० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. म्हणजे क्लच इंजिनापेक्षा पावपट जास्त धरतो. रस्त्यासाठी हे भरपूर.

पण भाच्यानं इंजिनावर काम केलंय, आणि पट्ट्यावर तो ते जास्त फेऱ्यांवर नेऊन सोडणार. तेव्हा ७३० चे हजार करायचे तर? चारपैकी काहीतरी वाढवलं पाहिजे, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

दाब वाढवला, तर पेडल जड होतं. आमच्या शेजारी एक ट्रक चालवणारे काका होते, त्यांची डावी पोटरी उजवीपेक्षा उघड जाड होती. मिशिगनमधल्या ऑफिस सुटण्याच्या वेळेच्या गर्दीत तसलं पेडल चाळीस वेळा दाबून पाहावं. शिवाय तेवढाच उलटा रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, आणि ते बिचारं त्यासाठी जन्माला आलेलं नसतं.

त्रिज्या वाढवली, तर चकती जड होते. गिअर बदलताना ती लवकर थांबत नाही, आणि गिअर नीट पडत नाही. आणि मुळात घंटेत, म्हणजे बेलहाउसिंगमध्ये, जागाच नसते.

घर्षण वाढवलं, म्हणजे साधं लायनर काढून तांबं आणि सिरॅमिक एकत्र भाजून केलेल्या वड्या लावल्या. या वड्या उष्णतेला दाद देत नाहीत. पण त्या हळूहळू पकडत नाहीत, एकदम पकडतात. पट्ट्यावर तेच हवं असतं. सिग्नलवर मात्र गाडी नवशिक्यानं चालवल्यासारखी उडी मारते, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खाल्ला जातो. ही खिल्लार जोडी. शंकरपटात बघावी. तिला गाडीला जुंपून बाजाराला जाऊ नये.

बाजू वाढवल्या, म्हणजे दोन चकत्या घातल्या, तर दोनाच्या चार बाजू होतात. दाब तोच, लायनर साधंच, आणि जोर दुप्पट. पेडल हलकं राहतं. ऐकायला फारच छान. अडचण दोन: खर्च बराच जास्त, आणि जुळवणी नाजूक. दोन्ही चकत्या नीट सुटल्या नाहीत तर पेडल दाबूनही गाडी सरकत राहते.

स्प्रिंगांचाही इतिहास आहे. आधी गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. लायनर झिजत जाईल तसा त्यांचा दाब कमी होत जातो. मग थाळीसारखी एकच मोठी स्प्रिंग आली, डायाफ्राम. तिचा दाब लायनर झिजताना सुरुवातीला उलट थोडा वाढतो, आणि पेडल खाली जाताना हलकं होतं. पण साठच्या दशकातल्या तसल्या क्लचांची एक खोड होती. इंजिन फार फेऱ्यांवर असताना गिअर बदलायला पेडल दाबलं की ते कधी कधी खालीच चिकटून राहायचं, वर यायचंच नाही! म्हणून शर्यतवाले कित्येक वर्षं जुन्या तीन-बोटी प्लेटांनाच धरून राहिले. त्या बोटांना छोटी वजनं लावलेली असत, फेरे वाढले की ती बाहेर फेकली जाऊन दाब आणखी वाढवत. आजच्या चांगल्या डायाफ्राम प्लेटांत ही खोड बरीच दूर केलेली आहे.

आता उष्णतेचं. गाडी उभ्यानं निघते तेव्हा इंजिनाची ताकद एका बाजूनं गाडीला वेग देते आणि दुसऱ्या बाजूनं क्लचमध्ये जळते. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवले, आणि चाकांनी ते गाठेपर्यंत क्लच घसरत ठेवला, तर हिशोब असा निघतो की जेवढी ऊर्जा गाडीला मिळाली जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता झाली. ड्रायव्हरसकट सतराशे किलोची गाडी ताशी चाळीसपर्यंत अशी नेली तर ती साधारण एक लाख ज्यूल. एक लिटर पाणी चोवीस-पंचवीस अंशांनी तापवायला पुरेशी. आणि ही सगळी एक-दीड सेकंदात, लायनरच्या आणि लोखंडाच्या पातळ कातडीवर. तो जळका वास येतो तो यामुळेच. एकदा झालं तर लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. लागोपाठ पाच वेळा केलं तर पाचव्या वेळी लायनर दम सोडतं. म्हणून पट्ट्यावर दोन धावांच्या मधे गाडीला थंड होऊ देणं हासुद्धा क्लच निवडण्याचाच भाग आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इथे एक गोष्ट पुष्कळ लोकांच्या ध्यानात येत नाही. क्लच किती सोसणार हे इंजिनावर जेवढं, तेवढंच टायरवर अवलंबून असतं. साधा रस्त्याचा टायर असेल तर जोरात सुटताना टायर घसरतो आणि क्लच वाचतो. शर्यतीचा मऊ, चिकट टायर लावला की टायर जमिनीला धरून बसतो, मग घसरायचं काम क्लचला करावं लागतं. आणि क्लचही सिरॅमिकचा, न घसरणारा घातला तर? मग त्याच्या पुढचं काहीतरी तुटतं. गिअरचा दात, प्रॉपेलर शाफ्टचा जोड किंवा मागचा अ‍ॅक्सल. साखळीत कुणीतरी नमतं घ्यावंच लागतं. क्लच घसरतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण पुष्कळदा तो घराच्या फ्यूजसारखा स्वतः जळून बाकीचं वाचवत असतो. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणारे हुशार लोक आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत असतातच. अति घट्ट क्लच हा त्यातलाच प्रकार.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः मी हे लिहितोय ती गोष्ट. सहा हजार फेऱ्यांवर जेमतेम चौदा इंची फ्लायव्हीलची कड ताशी चारशे किलोमीटरच्या वेगानं फिरत असते. जुनी फ्लायव्हीलं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बीड दाबायला मजबूत, ताणायला कच्चं. त्यात उष्णतेनं केसासारख्या चिरा पडलेल्या असल्या आणि ते फुटलं, तर तुकडे बाँबसारखे उडतात. आणि ते उडतात नेमके ड्रायव्हरच्या पायांपाशी. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतल्या पट्ट्यांवर अशा स्फोटांनी माणसं अधू झाली. ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स पट्ट्यावर डॉन गार्लिट्स या नामांकित शर्यतवाल्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्यानं इंजिन आपल्या पाठीमागे असलेली गाडी बांधली, १९७१ साली ती पळवून जिंकून दाखवली, आणि त्या वर्गाच्या सगळ्याच गाड्या तशा झाल्या. गेलेलं पाऊल मात्र परत आलं नाही. आज शर्यतीच्या फ्लायव्हील-क्लचला एसएफआय १.१ नावाचं प्रमाणपत्र असतं, बाहेरच्या मजबूत पोलादी घंटेला ६.१, आणि ठरावीक वेळेच्या आत धावणाऱ्या गाड्यांना ही संरक्षणं सक्तीची आहेत. नियमात बसत नसलास तरी घे, असं मी म्हणेन.

तर भाच्या, माझा निकाल असा.

तुझ्या गाडीच्या शंभर वेळा निघण्यापैकी नव्वदहून जास्त रस्त्यावरची आहेत. उसाच्या रांगेतला ट्रॅक्टर आठव. क्लच तिथे मरतो. म्हणून निवड रस्त्यासाठी कर आणि पट्ट्यासाठी पावपट-दीडपट शिल्लक ठेव. रस्त्याचेच टायर ठेवणार असशील तर अकरा इंची एक चकती, आजची डायाफ्राम प्लेट, एका बाजूला साधं लायनर आणि दुसऱ्या बाजूला जास्त उष्णता सोसणारं. चकतीच्या मध्यभागी धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा असलेलीच घे. आज ना उद्या चिकट टायर लावणारच असशील (आणि मी तुला लहानपणापासून ओळखतो), तर पैसे साठव, आणि साध्या लायनरची दोन चकत्यांची जोडी घे. निव्वळ सिरॅमिक घेऊ नकोस. फ्लायव्हील पोलादी, प्रमाणित, आणि वजनदार. हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या मोहात पडू नकोस, कारण उभ्यानं निघताना फ्लायव्हीलमध्ये साठलेला फिरण्याचा जोरच तुला हात देतो. आणि नवा क्लच बसवल्यावर पहिले आठशे किलोमीटर गावातच चालव, हलक्या पायानं. लायनर आणि लोखंड एकमेकांना घासून जुळल्याशिवाय पट्ट्याचं नाव काढायचं नाही. नव्या बैलजोडीला पहिल्याच दिवशी पटात कुणी घालत नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की हा डाव्या पायाचा जमाना आता उताराला लागलाय. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली, आणि तिला क्लच नाही. विजेची मोटार बैलासारखी, वाफेच्या इंजिनासारखी, उभ्या-उभ्या पूर्ण जोर लावते. मधे कुणी घसरायची गरजच नाही. ड्रॅग पट्ट्यावरही रस्त्याच्या विजेच्या गाड्या आता पाव मैल नऊ सेकंदांच्या आसपास काढतात, आणि त्या चालवणाऱ्याचा डावा पाय नुसता बसून असतो. म्हणजे बैलापासून बॅटरीपर्यंतच्या वाटेवर क्लच हा मधला टप्पा होता. आमच्या पिढीचं सगळं आयुष्य त्या टप्प्यात गेलं.

असो. पण जुनी गाडी चालवायची तर ती तिच्या पद्धतीनंच चालवावी. माळेगावच्या यात्रेत घोडा बघणारी जुनी माणसं त्याला आधी पळवून बघत नाहीत. चालवून बघतात, थांबवून बघतात, परत चालवतात. नवीन क्लच बसवलास की तूही तसंच कर. ऑफिसच्या वेळेला, गर्दीत, चढावरच्या सिग्नलवर. तिथे तो गुण्यागोविंदानं वागला तर पट्ट्यावरचे दहा-बारा सेकंद तो निभावून नेईल.

आणि हो, पायात चप्पल घालून चालवू नकोस. तुझ्या आईचा निरोप आहे.